भाचा अमेरिकेतून येतोय, बर्बन कुठली सांगू? एक घरी ठेवायला, एक साडूंना द्यायला

सुदामानगरी
मंडळी नमस्कार. भाचा दिवाळीला डॅलसहून इंदूरला येतोय, मामा दोन बाटल्या आणतो नावं सांग म्हणाला. आता मला स्कॉच थोडीफार कळते पण बर्बनमध्ये, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीत, आपली गाडी जिम बीमच्या पुढे गेलेली नाही, तीही कोकमध्ये. एक बाटली घरी ठेवायचीय, ठेवायची म्हणजे खरंच ठेवायची, २०३० ला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील तेव्हा फोडायची. दुसरी साडूंना, जानेवारीत त्यांची साठी आहे. ते ग्लेनलिव्हेट घेतात, थोडं पाणी घालून, बर्फ अजिबात नाही, आणि धुराच्या वासाची काही दिली की नाक मुरडतात.

भाच्याने पाठवलेली यादी: ब्लँटन्स, ईगल रेअर १० वर्षं, फोर रोझेस सिंगल बॅरल, वुडफर्ड डबल ओक्ड, नॉब क्रीक ९ वर्षं, बुकर्स. एका बाटलीला शंभर डॉलरच्या आत बसवायचंय. तो म्हणतो ब्लँटन्स दिसली तर विचार करायचाच नाही. बायकोने फोटो पाहिले, तिचं मत घोड्याची बाटली (म्हणजे ब्लँटन्स) ठेवा, शोकेसमध्ये शोभेल. जाणकारांनी मदत करा.

पोहेजलेबी
बर्बन म्हटल्यावर मला वाटलं बिस्किटांचा धागा आहे, पुडा घेऊनच बसलो होतो. असो, वाचतोय.

अनुताई_पलासिया
सुदामानगरी, आधी हे सांगा की दोन्ही बाटल्या पिणार कोण आणि कशा. लोक यादी घेऊन येतात आणि विचारतात सगळ्यात भारी कुठली, असं नसतं हो.

थोडी पार्श्वभूमी देते, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे सरका. बर्बन अमेरिकेतच बनायला हवी, केंटकीतच हवी असं नाही, पण बहुतेक तिथलीच असते. धान्यात कमीत कमी ५१ टक्के मका. पिंप नवं कोरं ओकचं, आतून जाळून कोळसा केलेलं. बाहेरून रंग नाही, चव नाही, बाटलीत अल्कोहोल ४० टक्क्यांच्या खाली नाही. त्या 'नवं पिंप' मध्येच सगळी गंमत आहे, व्हॅनिला, कॅरॅमल, ती लालसर झाक सगळं तिथून येतं. एकदा बर्बन काढली की त्या पिंपात परत बर्बन भरता येत नाही, मग ती पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात. तुमच्या साडूंची ग्लेनलिव्हेटसुद्धा अशा पिंपांत मुरते. म्हणजे व्हॅनिलाची त्यांना सवय आहेच, फक्त इथे ती दबक्या आवाजात नसेल.

मक्याच्या जोडीला दुसरं धान्य काय त्यावर पुढचं ठरतं. राय (गव्हासारखंच एक धान्य) जास्त असेल तर तिखटसर, मिरी-लवंगेच्या अंगाने जाणारी. रायऐवजी गहू घातला तर मऊ, गोडसर. मेकर्स मार्क गव्हाची, ७० टक्के मका, १६ गहू, बाकी माल्ट केलेलं जव. फोर रोझेसकडे धान्याची दोन मिश्रणं आणि पाच यीस्ट, मिळून दहा पाककृती, आणि त्यांच्या नेहमीच्या सिंगल बॅरलमध्ये राय तब्बल ३५ टक्के.

साडूंना मऊ पाहिजे, त्यामुळे बुकर्स आत्ताच यादीतून काढा. ६० टक्क्यांच्या वर असते ती, पिंपातून काढली की पाणी न घालता तशीच भरतात. चांगली आहे, मला आवडते, पण साठीच्या दिवशी माणसाला ठसका लागायला नको.

ओकची_फळी
अनुताईंशी सहमत पण बुकर्सवर अन्याय नको. साडू पाणी घालून घेतात असं धागाकर्त्याने लिहिलंय ना? मग ६३ टक्क्यांची बाटली पाणी घालून ४५ वर आणा की, हवी तेवढी करता येते, उलटं करता येतं का? ४० ची ५० करून दाखवा. पैशाच्या हिशेबानेही एका बाटलीत जास्त दारू आहे भिया 😀

आता ब्लँटन्स. इतिहास म्हणाल तर वजनदार आहे, १९८४ साली एल्मर टी. ली यांनी काढली, एकेका पिंपातली बर्बन वेगळी भरून ब्रँड म्हणून विकायची पद्धत हिनेच रुळवली. बुचावर घोडा आणि जॉकी, आठ वेगवेगळ्या पोझ, प्रत्येक बुचावर खाली बारीक एक अक्षर, आठही जमवली की नाव पूर्ण होतं. पहिल्या बुचांवर घोडा आरामात आहे, शेवटच्यावर जॉकीने जिंकून मूठ वर केलीय. या बुचांपायी लोक वेडे झालेत. रिकाम्या बाटल्यासुद्धा विकल्या जातात, आणि रिकाम्या बाटलीला गिऱ्हाईक का असतं ते तुम्हीच ताडा. म्हणून भाच्याला सांगा परवाना असलेल्या दुकानातूनच घे, कुणा ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून नको. छापील किमतीत मिळाली तर जरूर घ्यावी. दुप्पट देऊन अजिबात नाही, ४६.५ टक्क्यांची छान बर्बन आहे, पण छानच, अमृत नाही.

लष्करवाला
ग्वाल्हेरहून लिहितोय. एवढी यातायात कशाला? आपल्या देशी व्हिस्कीचे दिवस चांगले आलेत, इंद्री घ्या, रामपूर घ्या, अमृत घ्या, पॉल जॉन घ्या. इंद्री त्रिनी तर बर्बनच्या, वाईनच्या आणि शेरीच्या अशा तीन तऱ्हेच्या पिंपांतून येते, साडूंना व्हॅनिला हवाच असेल तर तिथे आहे. आणि वय वय म्हणून लोक नाचतात पण आपल्याकडे उन्हाने पाच वर्षांत जे होतं त्याला स्कॉटलंडमध्ये किती थांबावं लागतं.

सुदामानगरी
लष्करवाले दादा, देशी सिंगल माल्ट साडूंच्या कपाटात आहेतच, त्यांनीच मला दिलीय मागच्या वेळी. म्हणून तर वेगळं काही द्यायचंय. बाकी वयाचा मुद्दा निघालाच आहे तर विचारतो, ईगल रेअरवर १० लिहिलंय, नॉब क्रीकवर ९, ब्लँटन्सवर काहीच नाही. माझ्या स्कॉचच्या हिशेबाने १० म्हणजे अगदीच लहान. मग एवढं कौतुक का? दुसरं, इथे बर्बन स्वस्त झाली म्हणतात ना? मग भाच्याला त्रास कशाला देऊ, विजयनगरातून घेतो.

अनुताई_पलासिया
ड्यूटी फेब्रुवारी २०२५ मध्ये दीडशे टक्क्यांवरून शंभरावर आली, बरोबर. पण त्यावर राज्याचा कर, दुकानाचा नफा सगळं बसतंच की. आणि मुद्दा किमतीचा नाहीच, मुद्दा मिळण्याचा आहे. आपल्या इथल्या मोठ्या दुकानांत जिम बीम, मेकर्स मार्क, नशीब असेल तर साधी वुडफर्ड. तुमच्या यादीतलं बाकी मी तरी इथे फळीवर पाहिलेलं नाही. तेव्हा इथे जे मिळतं ते भाच्याच्या बॅगेतून आणवू नका, एवढा एक नियम पाळा.

वयाचं असं की स्कॉच जुन्या पिंपात, थंडीत, सावकाश मुरते. बर्बन नव्या जाळलेल्या पिंपात आणि केंटकीचा उन्हाळा चांगलाच कडक, गोदामं कित्येक मजली, वरच्या मजल्यावर भट्टी. वर्षाला चारेक टक्के तर नुसती उडून जाते. सहा ते बारा वर्षांत बहुतेक बर्बन आपल्या भरात असते. त्यापुढे लाकूड बोलायला लागतं, तुरट, कडसर, पेन्सिल चावल्यासारखी. पंधरा-वीस वर्षांच्या चांगल्या बाटल्या असतात पण ती निवडून राखलेली पिंपं असतात आणि किंमत आपल्या कामाची नसते. पॅपी व्हॅन विंकल या भलत्याच महाग बर्बनचं नाव कुणी काढायच्या आत सांगते, काढू नका.

पोहेजलेबी
पॅपी व्हॅन विंकल 🙋

अनुताई_पलासिया
माहीत होतं मला.

मांडवीकर
सुदामानगरी, एक शंका. साडू राहतात कुठे? मागे तुम्ही एका धाग्यात अलकापुरीचा उल्लेख केला होता. आमच्या बडोद्यातलं अलकापुरी असेल तर बाटली द्यायचा विषय इथेच थांबवा.

सुदामानगरी
हो हो, बडोद्यालाच. साठीशांत तिथेच आहे, आम्ही गाडीने जाणार. एक बाटली कपड्यांत गुंडाळून नेली तर काय एवढं, सगळेच नेतात.

मांडवीकर
सगळेच नेतात आणि त्यातले काही पकडले जातात, त्यांचे धागे निघत नाहीत एवढंच. तुम्ही झाबुआकडून याल, पिटोल ओलांडलं की दाहोदला गुजरात, आणि तिथे गाडी उघडून बघतात. १९६० ला राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी आहे, कायदा मूळचा मुंबई राज्याचा १९४९ चा, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर वाहतुकीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. साठीशांतीला आलेला पाहुणा चौकीत बसलाय हे दृश्य बरं दिसणार नाही.

साडूंकडे हेल्थ परमिट असेल कदाचित, चाळिशीच्या वरच्यांना डॉक्टरांच्या तपासणीनंतर मिळतं, पण त्यावर परवानाधारक दुकानातून ठरलेलं युनिट घ्यायचं असतं. तुमच्या डिकीतली बाटली त्यात बसत नाही. आम्ही इथले लोक या बाबतीत शिस्तीचे आहोत, प्यायची तर गाव सोडून.

ओकची_फळी
मांडवीकर, गंमत म्हणजे अमेरिकेतही १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर व्हिस्की मिळायची, औषध म्हणून. मोजक्या कंपन्यांना तसा परवाना होता, त्यांतल्या काही त्यावरच तगल्या, बाकीच्या भट्ट्या बुडाल्या. तेव्हा हेल्थ परमिटची आयडिया केंटकीवाल्यांना नवीन नाही.

अनुताई_पलासिया
मग उत्तर सोपं झालं की. साडूंना बाटली नेऊन देऊ नका, साडूंना बाटलीपाशी बोलवा. साठीला शाल-श्रीफळ, पाकीट काय द्यायचं ते द्या, आणि सोबत एक चिठ्ठी, तुमची बाटली इंदूरला आमच्याकडे आहे, कधी येताय. थंडीत येऊ देत. सराफ्यात गराडू खायचे, घरी येऊन बाटली फोडायची. बंद खोक्यातल्या भेटीपेक्षा हे मला तरी जास्त आवडलं असतं.

आणि आता फोडायची तुमच्यासमोरच आहे तर ईगल रेअर. १० वर्षांची, ४५ टक्के, राय कमी, मऊ पण पाणचट नाही, थोडं पाणी घातलं तर संत्र्याची साल आणि मध पुढे येतो. ग्लेनलिव्हेटवाल्याला पहिल्या घोटात आपलीशी वाटेल. वुडफर्ड डबल ओक्डही चालली असती, ती दोन पिंपांतून जाते, दुसरं पिंप भरपूर भाजलेलं आणि वरवर जाळलेलं, त्यामुळे जवळजवळ मिठाईच, पण गोड न आवडणाऱ्याला दुसरा पेग जड जातो.

लष्करवाला
गोडाचं म्हणाल तर आमच्या इकडची गजक ठेवा सोबत, मुरैन्याची, ताजी, पातळ पापुद्र्याची. तीळ आणि गूळ. कॅरॅमलवर कॅरॅमल होतं असं कुणी म्हणेल पण तिळाचा खमंगपणा मधे येतो, लावून बघा. मी इंद्रीबरोबर खातो, बर्बनबरोबर तर अजून जमेल.

पोहेजलेबी
आणि इंदूरचे लोक मक्याच्या दारूबरोबर भुट्ट्याचा कीस विसरून राहिले का? एकाच कणसाचे दोन भाऊ. फक्त हिरवी मिरची बेताची. लसणाची शेव मात्र दूर ठेवा, जिभेचा पार बोऱ्या वाजतो, पुढे काय पितोय ते कळत नाही.

सुदामानगरी
साडूंना फोन केला. बाटली इंदूरला आहे म्हटल्यावर फेब्रुवारीचं तिकीटच बघायला लागले, साठीपेक्षा त्याचाच उत्साह जास्त. तेव्हा ईगल रेअर नक्की. आता राहिली घरी ठेवायची. बायको घोड्यावर ठाम आहे. आणि पाच वर्षं ठेवली तर अजून चांगली होईल ना? आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, मे महिन्यात गच्चीखालच्या खोल्या तापतात.

ओकची_फळी
होणार नाही. बाटलीत गेली की मुरणं थांबलं, पिंपाबाहेर वय वाढत नाही. १० वर्षांची बाटली तुम्ही वीस वर्षं ठेवा, ती १० वर्षांचीच. चांगली होणार नाही पण नीट ठेवली तर बिघडणारही नाही.

नीट म्हणजे, उभी. वाईनसारखी आडवी नाही, एवढं अल्कोहोल बुचाला सतत लागून राहिलं तर बूच भुसभुशीत होतं आणि २०३० ला उघडताना अर्धं आत पडेल. अधूनमधून फक्त एकदा तिरकी करून बूच ओलं करून परत उभी. उन्हात नाही, म्हणजे शोकेस बाद, वहिनींना माझ्याकडून सॉरी सांगा. काचेच्या शोकेसला दुपारचं ऊन लागतं, रंग फिका होतो, चवही मरते. घरातलं सगळ्यात थंड आणि अंधारं कपाट शोधा, खालच्या बाजूचं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं. आपल्याकडे ४२-४३ ला जातो पारा, आत-बाहेर तापमान सारखं वरखाली झालं की बाटलीतली हवा फुगते आकसते आणि बुचाच्या फटीतून थोडी थोडी उडते. बुचाभोवती पॅराफिल्म गुंडाळा, प्रयोगशाळेत वापरतात ती मेणासारखी ताणली जाणारी पट्टी, ऑनलाइन मिळते. आणि बाटलीला मागच्या बाजूला पातळीची पेन्सिलने खूण, दर दिवाळीला बघायचं.

फोडल्यावरचं वेगळं गणित. अर्ध्याच्या खाली गेली की हवा जास्त, मग काही महिन्यांत संपवा नाहीतर छोट्या बाटलीत काढा.

अनुताई_पलासिया
ठेवायला माझं मत फोर रोझेस सिंगल बॅरल. ५० टक्के, राय भरपूर, चवीला धारदार, आणि लेबलवर गोदाम आणि पिंपाचा नंबर असतो. ठेवायच्या बाटलीला अशी काहीतरी स्वतःची ओळख हवी. त्या कंपनीची कहाणीही मजेशीर आहे, अमेरिकेत कित्येक दशकं त्यांनी आपली खरी बर्बन विकलीच नाही, चांगला माल परदेशी जायचा आणि घरच्या लोकांना त्याच नावाने ब्लेंडेड व्हिस्की. २००२ ला जपानच्या किरिनने घेतली तेव्हा ती घरी परतली.

नॉब क्रीक ९ पण ५० टक्के, भरपूर दाणेदार, शेंगदाण्यासारखी, पैसे वसूल. पण ती पिऊन टाकायची बाटली आहे, पंचविशीला काढायची नाही. का ते नेमकं सांगता येणार नाही, माझं मत समजा. आणि लेबलवर 'स्मॉल बॅच' वाचून भाळू नका, कायद्यात त्याची काही व्याख्या नाही, किती पिंपं मिसळली की स्मॉल ते ज्याचं त्याने ठरवायचं. त्यापेक्षा 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ आहे, १८९७ चा कायदा, एकाच भट्टीची, एकाच हंगामातली, चार वर्षं तरी सरकारी देखरेखीच्या गोदामात आणि बरोबर ५० टक्के.

ओकची_फळी
फोर रोझेसला +१. पण लग्नाची पंचवीस वर्षं सुखाने पूर्ण करायचीत तर वहिनींचा घोडाही बघा 😀 ब्लँटन्सच्या लेबलवर पिंप रिकामं केल्याची तारीख असते, हाताने लिहिलेली वाटावी अशी. भाच्याला सांगा लग्नाच्या तारखेच्या आसपासचा दिवस-महिना मिळतो का बघ. छापील किमतीत मिळाली तरच, नाहीतर फोर रोझेस.

मांडवीकर
आणण्याचं कुणी बोललंच नाही. माणशी दोन लिटरची सूट. अमेरिकेत बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोन आरामात, तिसरी घेतली की सव्वादोन लिटर, कस्टमला दाखवून ड्यूटी भरा. चेक-इन बॅगेतच टाका. ड्यूटी फ्रीतून हातात घेऊन आला तर मुंबईला किंवा दिल्लीला बॅग घेऊन परत इंदूरच्या विमानासाठी जमा करायची असते ना, तेव्हाच ती बाटली बॅगेत सरकवायची, नाहीतर सिक्युरिटीला हातातून काढून घेतील आणि भाचा बघत राहील. ७० टक्क्यांच्या वरची विमानात चालतच नाही, पण तुमच्या यादीत तेवढी जहाल काही नाही.

अनुताई_पलासिया
आणि गुंडाळायला लहान मुलांचे डायपर. हसू नका. बाटली आत घालून टेप लावायची, फुटली तरी सगळं शोषून घेतं, कपडे वाचतात. बूच असलेल्या बाटल्यांना वरून प्लॅस्टिकची पिशवी पण.

सुदामानगरी
अपडेट. भाच्याने दुकानातून व्हिडिओ कॉल केला. ईगल रेअर मिळाली, छापील किमतीत, एका माणसाला एकच देत होते. ब्लँटन्स होती पण काउंटरमागे, कुलपात, आणि किंमत ऐकून बायकोनेच म्हटलं घोडा नको. फोर रोझेस घेतली. लेबलचा फोटो पाठवलाय, गोदामाची अक्षरं आणि पिंपाचा नंबर पेनने लिहिलेला. बायकोने नंबर डायरीत उतरवून घेतला, का ते विचारायची माझी हिंमत नाही. कपाट ठरलंय, देवघराच्या बाजूच्या खोलीतलं खालचं, आईला अजून सांगितलेलं नाही.

ओकची_फळी
उत्तम. आली की आधी बाटली कुठवर भरलीय ते बघा, मानेपर्यंत असायला हवी, मग खूण, मग पॅराफिल्म. ईगल रेअरला हे काही करू नका, ती फेब्रुवारीत संपतेच आहे.

लष्करवाला
फेब्रुवारीत गजक अजून मिळते. थंडी उतरायच्या आत मागवा, एकदा ऊन चढलं की नरम पडते. किती हवी ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.

पोहेजलेबी
कीस माझ्याकडून. तारीख आणि पत्ता व्यनि करा. साडूंना सांगा इंदूरचा अजून एक साडू येतोय.